कुंपणामागचा घोडा

त्या रविवारी खंडेराव नलवड्यांच्या घोड्याचे कान कुंपणावरून दिसत होते, याबद्दल घरात कुणाचंच दुमत नव्हतं. दुमत होतं ते कान म्हणजे घोडा की नाही, याबद्दल.

घोडा अंगठ्याच्या पेराएवढा, प्लास्टिकचा. त्यावर तलवार उपसलेला स्वार. कुंपण म्हणजे भांडी घासायची हिरवी घासणी, कात्रीने लांबट कापून उभी केलेली. रणांगण म्हणजे जेवणाचं टेबल. त्यावर जुनी हिरवी चादर, फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलची टेकडी आणि मिठाईच्या डब्यावरच्या निळ्या कागदाची नदी. नदीच्या अलीकडे खंडेरावांची निळी सेना, पलीकडे त्यांच्या मुलीची, प्रतीक्षाची, लाल सेना. खंडेरावांनी आपल्या एकूण एक सैनिकाला बारीक कुंचल्याने मिशा काढल्या होत्या. अंगात फिरंगी कोट, डोक्यावर तिरपी टोपी आणि ओठावर साताऱ्याकडची मिशी. लाल सेना मात्र तुळतुळीत होती. प्रतीक्षाने एकदा विचारलं तर म्हणाले, "मिशी मागून मिळत नसते, ती सेनेने कमवावी लागते."

हा खेळ प्रतीक्षानेच मागवला होता. खंडेरावांचं आयुष्य वीजकेंद्राच्या नियंत्रण कक्षात काटे आणि दिवे बघण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या गॅसच्या ज्योतीकडे आणि फ्रिजच्या आवाजाकडे संशयाने बघू लागले. कुकरच्या शिट्यांची त्यांनी नोंद ठेवायला घेतली, तेव्हा त्यांना दुसरीकडे गुंतवणं भाग पडलं. खेळाबरोबर नियमांचं पुस्तक आलं. इंग्रजीतलं, पण मूळ बहुधा तिसऱ्याच कुठल्या भाषेतलं असावं, कारण प्रत्येक वाक्य सुरू व्हायचं एका दारातून आणि बाहेर पडायचं खिडकीतून. प्रतीक्षा पालघरला कॉलेजात ग्रंथपाल. जाड पुस्तकांना भिणारी नव्हे. पण हे पुस्तक उघडताना तीही जरा सावरून बसली.

पुस्तक कसं वाचायचं यावरून दोघांच्याच त्या घरात पहिल्या दिवसापासून दोन पंथ पडले होते. खंडेरावांचा पंथ सांगायचा, पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणजे करायचं नाही. प्रतीक्षाचा पंथ सांगायचा, पुस्तकात लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही. दोन्ही पंथांना आपलं म्हणणं पुस्तकातच सापडायचं, हा त्या पुस्तकाचा मोठेपणा.

तर त्या रविवारी प्रतीक्षाची तोफ टेकडीवर होती, खंडेरावांचा घोडेस्वार कुंपणाआड होता आणि तिला तोफ डागायची होती.

"दिसत नाही," खंडेराव म्हणाले.

"कान दिसतायत, बाबा."

"कान म्हणजे घोडा नव्हे. पुस्तक काय म्हणतं? 'तोफेजवळच्या सैनिकाच्या डोळ्यांनी पाहिले असता लक्ष्याचा लक्षणीय भाग दिसला पाहिजे.' लक्षणीय. कान लक्षणीय असतात का?"

"घोड्याचे असतात. आणि मागून शेपूटही दिसतेय."

"शेपूट हा घोड्याचा मागे राहिलेला भाग आहे."

"म्हणजे गोळा शेपटीला लागला तर घोड्याला काहीच होणार नाही?"

"वळून बघेल. तेवढंच."

मग दोघांनी गुडघे टेकून, हनुवटी टेबलाच्या कडेला लावून, एक डोळा मिटून टेकडीवरच्या तोफवाल्याच्या नजरेने पाहिलं. त्या वयात ते गुडघे टेकणं म्हणजे एक वेगळीच मोहीम होती. खंडेरावांना कान दिसले. प्रतीक्षाला कान, शेपूट आणि स्वाराची अर्धी मिशी दिसली. मिशी लक्षणीय आहे, असं ती म्हणाली. त्यावर खंडेराव क्षणभर खूश झाले आणि लगेच, हा डाव आहे हे ओळखून, गप्प झाले.

प्रतीक्षाने पुस्तक पुढे ओढलं आणि 'कुंपणे, भिंती व तत्सम' हे प्रकरण काढलं. खंडेराव कमरेवर हात ठेवून उठले.

"प्रतीक्षा, चार्ज घे. जरा पाठ टेकतो."

ही त्यांची जुनी खोड. वीजकेंद्रात पाळी संपली म्हणून कुणी उठून घरी जात नसे. पुढच्या पाळीचा माणूस यायचा, काय चालू, काय बंद ते ऐकून घ्यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "चार्ज घेतला." ते कानांवर पडेपर्यंत आधीच्याने खुर्ची सोडायची नाही, मग घरी पाहुणे येऊन बसलेले असोत नाहीतर बारसं खोळंबलेलं असो. खंडेराव निवृत्त झाले, पण हे निवृत्त झालं नाही. दुधाखालचा गॅस सोडून जायचं असलं तरी ते चार्ज द्यायचे.

प्रतीक्षा पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "हं."

"हं म्हणजे काय? घेतला म्हण."

"बाबा, घोडा काही पळून जात नाही."

दुसरा कुणी असता तर खंडेराव जागचे हलले नसते. मुलीच्या बाबतीत ते 'हं' चालवून घेत. पण दाराशी थोडं थांबून. तसे ते त्या दिवशीही थांबले, घोड्याकडे एकदा बघून घेतलं आणि आत गेले. रात्रीची जेवणं ताटं मांडीवर घेऊन झाली, कारण टेबलावर युद्ध होतं. कुंपणाचं उद्या बघू, असं ठरलं.

सोमवारी सकाळी खंडेराव उठले नाहीत. झोपेतच गेले, त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले.

*

संध्याकाळपर्यंत कऱ्हाडहून सुगंधा आत्या आली. खंडेरावांची धाकटी बहीण. भावाच्या फोटोपुढे बसून ती मन भरून रडली, डोळे पुसले आणि घरावर नजर फिरवली. शेजाऱ्यांकडून आलेले जेवणाचे डबे जमिनीवर, चहाचे कप जमिनीवर, फुलांची परडी जमिनीवर. आणि टेबलावर मिशीवाले सैनिक.

"हे आवर आधी," आत्या म्हणाली. "माणसं यायला लागतील."

"टेबलाला हात लावायचा नाही," प्रतीक्षा म्हणाली.

तिचं तिलाच नवल वाटलं. दिवसभरात ती फारसं बोलली नव्हती आणि जे बोलली ते फोनवर, एकाच सुरात. आत्याने विचारलं, का नाही? त्या टेबलावर अजून रविवार होता. घोडा आवरला की रविवार आवरला. हे आत्याला सांगायचं कसं? पुस्तकांतून तिने अशी वाक्यं पुष्कळ वाचली होती आणि घरात मोठ्याने बोलायला त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

तिला वाचवलं ते चंद्रभानकाकांनी. काका मूळचे दातिवऱ्याचे, खालच्या मजल्यावर राहणारे. वीजकेंद्रात वर्षानुवर्षं खंडेरावांच्या नंतरची पाळी त्यांची. खंडेरावांकडून चार्ज घेणारा माणूस. ते सकाळपासून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते, ते उठून टेबलाशी आले.

"ताई, ह्याला हात नाय लावायचा," ते आत्याला म्हणाले. "खंडेराव काल इथून उठला. चार्ज कोनी घेतला?"

प्रतीक्षा खिडकीबाहेर बघू लागली.

"नाय ना घेतला? म्हंजे पाळी अजून त्याचीच चालू हाय. आमच्यात रिलिव्हर आल्याबिगर खुर्ची सोडत नाय. ह्यो भर पाळीत गेला. आता रीतसर कायतरी होईपर्यंत इथं मानूस बसवायला लागेल."

आत्याला वाटलं, दुःखाने यांचंही डोकं फिरलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतले वीजकेंद्राचे निवृत्त लोक आंघोळी करून, इस्त्रीचे शर्ट घालून हजर झाले आणि टेबलाशी पाळ्या लावून बसू लागले. बेटेगावच्या रस्त्यावरच्या त्या सोसायटीत निवृत्त माणसांची कमतरता नव्हती आणि त्यांना कामाचीच कमतरता होती. दुपारी पाळी बदलायची. जाणारा उभा राहून सांगायचा, "टेकडी जागेवर, तोफ जागेवर, घोडा कुंपणामागे, पंखा बंद." येणारा म्हणायचा, "चार्ज घेतला." मग जाणारा फोटोला नमस्कार करून जायचा.

पंखा बंद, कारण सैनिक वजनाने हलके. ऑक्टोबरची उकड, खाडीकडून वारा नावाला नाही आणि घरात माणसं दाटीवाटीने बसलेली. सांत्वनाला येणारे घामाने निथळत बसायचे. कऱ्हाडकडच्या पाहुण्यांची समजूत झाली की इकडे सुतकात पंखा लावत नाहीत. त्यातल्या एकांनी परत जाऊन ही चाल तिकडे सांगितलीसुद्धा.

*

नुसतं बसून माणूस किती बसणार? पहिल्या पाळीच्या माणसाने दुसऱ्याला विचारलं, "पण हे अडलंय कशावर?" आणि पुस्तक उघडलं गेलं.

ज्या लोकांनी उभ्या आयुष्यात सूचनापुस्तिकेबाहेर एक बटण दाबलं नाही, त्यांच्या हाती ते पुस्तक पडलं, म्हणजे काय झालं असेल याची कल्पना करावी. प्रत्येकाने आपापला चष्मा आणला. एकाने भिंग आणलं. 'लक्षणीय' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली गेली, मग ती चूक म्हणून खोडली गेली. टेबलाभोवती गुडघे टेकून, हनुवट्या कडेला लावून, एकेक डोळा मिटून चारपाच म्हातारे तोफवाल्याच्या नजरेने घोडा पाहू लागले.

त्याच वेळी कऱ्हाडहून आत्याच्या सासरची मंडळी आली. दारातून आत पाऊल टाकतात तो हे दृश्य. एका बाजूला हार घातलेला फोटो आणि दुसऱ्या बाजूला टेबलाला हनुवटी लावून, डोळा मिटून, गुडघ्यांवर बसलेली वडीलधारी माणसं. पाहुणे थबकले. मग त्यातले सगळ्यात वयस्क पुढे झाले, टोपी काढली, जागा बघून गुडघे टेकले, हनुवटी टेबलाला लावली आणि हात जोडले. त्यांच्यामागे त्यांच्या घरच्यांनीही. जागा पुरेना, म्हणून दोघांना पाळी येईपर्यंत थांबावं लागलं.

"दर्शन झालं का नीट?" आत्याने नाइलाजाने विचारलं.

"झालं," ते वयस्क गृहस्थ उठत म्हणाले. "फक्त कान दिसले."

"बघा!" चंद्रभानकाका म्हणाले. "बाहेरचा मानूस पन हेच सांगतो!"

प्रतीक्षा स्वयंपाकघरात गेली आणि तोंडावर पदर धरून हसली. सोमवारनंतर पहिल्यांदा. मग तिला आठवलं की हे सांगायला आता बाबा नाहीत, आणि ती तशीच ओट्याला धरून उभी राहिली.

सोसायटीचे सचिव हितेशभाई यांना या प्रकरणापासून दूर ठेवणं शक्यच नव्हतं. जिथे नियम तिथे हितेशभाई. त्यांनी पुस्तक सोसायटीच्या उपविधीसारखं मागून पुढे वाचायला घेतलं, कारण त्यांच्या मते खरी मेख नेहमी शेवटी असते.

"प्रतीक्षाबेन, मिळाला!" ते एकदम ओरडले. "पॉइंट मिळाला. हे बघा, 'सेनापती पडल्यास.' सेनापती पडला तर—" आणि ते थांबले. फोटोकडे बघितलं. आवाज खाली आणला. "सॉरी हां."

"वाचा, हितेशभाई," प्रतीक्षा म्हणाली.

"सेनापती पडला तर त्याच्या हाताखालचा सेना सांभाळणार. तो कोण ते ठरत नाही, तोवर समोरच्याने एक पण चाल करायची नाही."

म्हणजे खंडेरावांचा वारस ठरेपर्यंत प्रतीक्षाला तोफ डागता येत नव्हती. वारस मीच, चंद्रभानकाका म्हणाले, जन्मभर चार्ज मीच घेतला. हितेशभाईंनी मान हलवली. "काका, तुमचा प्रेम बरोबर आहे. पण वारस म्हणजे मुलगी. निळी सेना पण प्रतीक्षाबेनची."

"मंग लाल सेना कोनाची?"

"ती पण प्रतीक्षाबेनची."

"म्हंजे ती सवताच्याच घोड्यावर तोफ मारनार?"

हितेशभाईंना एक जुनं प्रकरण आठवलं. सोसायटीत असं एकदाच झालं होतं, गळती वरच्या फ्लॅटची आणि खालचा फ्लॅटही त्याच मालकाचा. तेव्हा त्याने स्वतःलाच नोटीस दिली होती आणि स्वतःच उत्तर दिलं नव्हतं. "सर्वसाधारण सभा घ्यायला लागेल," ते म्हणाले.

सभा कोरमअभावी तहकूब झाली. कोरम सगळा टेबलापाशी पाळीवर होता.

मध्येच एका दुपारी छतावरची पाल नेमकी रणांगणात पडली. प्रतीक्षाचे पायदळातले दोन सैनिक आडवे करून, नदी ओलांडून, टेकडीमागे गेली. पाळीवरचे गृहस्थ खुर्चीवर उभे राहिले, पण पाळी सोडली नाही. ते दोन सैनिक मेले की नुसते पडले, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा चालली. पुस्तकात पूर होता, वणवा होता, पाल नव्हती. नैसर्गिक आपत्ती धरून सैनिक पुन्हा उभे करण्यात आले. पाल कुठल्या बाजूची होती, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

पण खरी आपत्ती पालीने आणली नाही. ती आणली मंगळीने.

मंगळी जवळच्या पाम गावावरून भांडी घासायला येते. बाई बोलकी, कामाला वाघीण, आणि हे पाळ्यांचं प्रकरण तिला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. नवव्या दिवशी आत्याने मोठ्या पातेल्यात खिचडी लावली, ती खाली करपली. मंगळीने घासणी शोधली. जुनी झिजून संपली होती. टेबलाशी चंद्रभानकाका पाळीवर होते, म्हणजे शरीराने होते, घोरत होते. थोड्या वेळाने ते जागे झाले, नेहमीसारखी मोजदाद घेतली आणि ओरडले, "कुंपन गेला!"

सगळे धावले. घोडेस्वार उघड्यावर उभा होता. पुढे काही नाही, मागे काही नाही. एवढे दिवस ज्याच्या कानांवर वाद चालला होता तो घोडा खुरांपासून शेपटीपर्यंत सगळ्यांसमोर, जणू आंघोळीला उभा.

"मंगळी!" आत्या म्हणाली.

"काय झाला?" मंगळी पातेलं घेऊन बाहेर आली. पातेलं लखलखत होतं. "एवढी मानसं जेवतात, घासनी नाय घरात. ती तिथं नुसती उभी करून ठेवलेली. आमी बोललो, पडलीच हाय तर घेतो. पलवून नाय नेली, ही घ्या."

तिने कुंपण पुढे केलं. ते ओलं होतं, अर्ध्याने झिजलं होतं आणि त्याला खिचडीचा वास येत होता.

"अगं, त्यावर सगळा खेळ अडलेला होता!" चंद्रभानकाका डोक्याला हात लावून म्हणाले.

"खेल अडला तर दुसरा खेला. पातेला अडला तर मानसं जेवतील कशात?"

कुंपण पुन्हा उभं केलं. ते आता घोड्याच्या गुडघ्यापर्यंत आलं. सगळ्यांनी गुडघे टेकून, डोळा मिटून बघितलं आणि एकेक करून उठले. आता वाद उरला नव्हता. कान, शेपूट, स्वार, मिशी, सगळंच लक्षणीय दिसत होतं. लाल सेना जिंकली होती, फासा टाकायचाच काय तो बाकी. सगळे प्रतीक्षाकडे बघू लागले.

"नवी घासणी आणा," ती म्हणाली. "तेवढीच कापा, होती तेवढी."

"बेन, तुम्ही जिंकताय!" हितेशभाई म्हणाले.

"वारस ठरला नाही ना अजून? मग चाल नाही."

एवढं ती म्हणाली आणि आत गेली. त्या क्षणी ती, नकळत, बाबांच्या पंथात गेली होती.

*

दशक्रिया खाडीकाठी होती. क्रियेला प्रतीक्षाच बसली. त्यावरही बरीच चर्चा झाली होती, पण ती वेगळी लढाई आणि ती तिने तुलनेने लवकर जिंकली होती. पिंड मांडले, गुरुजींनी मंत्र म्हटले, सगळे मागे सरकले आणि कावळ्यांची वाट बघू लागले.

कावळे होते. झाडावर ओळीने बसले होते, पण खाली येत नव्हते.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "आठवून सांगा. वचन द्या."

आत्या पुढे झाली. "दादा, गावच्या घराचं छप्पर करून घेईन!" कावळ्यांनी माना वळवल्या. "प्रतीक्षाला एकटं टाकणार नाही!" एक कावळा उडाला, दुसऱ्या फांदीवर बसला. "बरं बाबा, पंखा लावणार नाही!"

मग चंद्रभानकाका पुढे झाले. "खंडेराव, कुंपन नवीन बसवलाय! होता तेवढाच! कान म्हंजे घोडा नाय, मान्य!"

"सोसायटीचा पण ठराव करू!" हितेशभाई मागून म्हणाले.

कावळे ढिम्म. तेव्हा काकांनी इकडेतिकडे बघितलं, शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि पिंडाशेजारी हळूच ठेवलं. तो निळ्या सेनेचा सेनापती होता. सोनेरी टोपी, सगळ्यात मोठ्या मिशा. खंडेरावांनी त्याला रंगवायला सगळा श्रावण घेतला होता.

"काका!" प्रतीक्षा म्हणाली.

"पाळीवरच्याला सांगून आनलाय," काका कुजबुजले. "सेनापती बाहेर गेलाय, येईल."

झाडावरून एक कावळा सुटला. सूर मारून खाली आला, भाताकडे बघितलंसुद्धा नाही, सोनेरी टोपी चोचीत धरली आणि खाडीवरून पलीकडे, खारफुटीच्या दिशेने निघून गेला. सगळे माना वर करून बघत राहिले. ठिपका होईपर्यंत टोपी चमकत होती.

"शिवला!" चंद्रभानकाका ओरडले.

"कशाला शिवला?" गुरुजी म्हणाले. "पिंडाला शिवायला हवा. हा तर..." त्यांनी खाडीपलीकडे हात केला. "हा तर प्रवासी घेऊन गेला."

"पंख लागला पिंडाला. माझ्या डोळ्यानं बघितला."

"पंख म्हणजे कावळा नव्हे."

हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं सगळ्यांना वाटलं. आणि मग, कुणी न सांगता, वीजकेंद्राची निवृत्त मंडळी खाडीच्या वाळूत गुडघ्यांवर बसली, एक डोळा मिटला आणि भातावर पंखाची खूण दिसते का ते पिंडाच्या पातळीवरून बघू लागली. कऱ्हाडकरांना आता सराव होता, तेही बसले. थोडा वेळ गुरुजी उभे राहिले. मग सोवळं सावरून तेही बसले.

"एक शीत हललंय खरं," ते म्हणाले. "पण लक्षणीय म्हणता येणार नाही."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. अशी सोय असतेच, ते म्हणाले. हितेशभाईंना फार आनंद झाला. आपल्या उपविधीत ही तरतूद का नाही, असं ते परतीच्या वाटेवर रिक्षात दोनदा म्हणाले.

*

घरी आल्यावर आत्या टेबलासमोर उभी राहिली. आता तिचा आवाज खाली आला होता. "प्रतीक्षा, तेराव्याला पानं मांडायचीत गं. माणसं जेवायची आहेत दादाच्या नावाने. किती दिवस असं ठेवणार?"

प्रतीक्षाने टेबलाकडे बघितलं. टेकडीवर तिची तोफ. नव्या, हिरव्यागार कुंपणाआड घोडा, फक्त कान वर. आणि निळ्या सेनेच्या मागे, जिथे सेनापती असायचा तिथे, चादरीवर त्याच्या बैठकीचा गोल ठसा.

"सेनापती नाही, तर आता काय नियम आहे बघा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं, यात अजून दोन दिवस जातील.

हितेशभाईंना दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी कधीच बोट घालून ठेवलं होतं. "सेनापती पडला नाही, बेन. सेनापती मैदानाबाहेर गेला. त्याचा नियम वेगळा. 'कड ओलांडून गेलेला त्या खेळात परत येत नाही. त्याची वाट पाहू नये.'" त्यांनी पान उलटलं. "'जो राहिला, त्याने मैदान आपल्या ताब्यात घेतल्याचे मोठ्याने सांगावे. मग खेळ आवरावा.' वारस वगैरे लागत नाही."

"म्हंजे चार्ज घ्यायचा," चंद्रभानकाका म्हणाले. "एवढ्यासाठी एवढा मोठा पुस्तक लिवला?"

पाळीवरचे गृहस्थ खुर्चीवरून उठून उभे राहिले. आत्या पंख्याच्या बटणाशी जाऊन थांबली.

"मोठ्याने म्हणजे किती मोठ्याने?" प्रतीक्षाने विचारलं. "लिहिलंय?"

"नाही लिहिलं," हितेशभाई म्हणाले.

"मग नुसतं हं म्हटलं तर चालेल."

"नाय चालनार," चंद्रभानकाका म्हणाले. ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. "लिवला नाय म्हंजे करायचा नाय. त्याला पन शब्द ऐकल्याबिगर जाता यायचा नाय, पोरी. मी त्याच्याकडून एवढी वर्षं चार्ज घेतला ना. मी आत आलो की तो आधी टोपी घालायचा, डबा उचलायचा, समदा तयार. पन खुर्ची सोडायचा नाय. माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. मी बोललो की मंगच उठायचा. कधी कधी मी मुद्दाम उशीर करायचो."

प्रतीक्षाने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, जिथे बाबा थांबायचे. मग तिने गुडघे टेकले, हनुवटी टेबलाच्या कडेला लावली आणि कुंपणाकडे एकदा नीट बघून घेतलं. कान दिसत होते. बाकी काही नाही.

ती उठून सरळ उभी राहिली.

"टेकडी जागेवर," ती म्हणाली. "तोफ जागेवर. घोडा कुंपणामागे, कुणाला दिसत नाही. पंखा बंद."

मग दाराकडे तोंड करून, शेजारच्या फ्लॅटमध्येही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"घेतला, बाबा. चार्ज घेतला. तुम्ही निघा आता."